दूध केंद्र, सेक्टर सतरा

पहाटे सव्वाचारला टेम्पो येतो.
क्रेट उतरवून घेते, पिशव्या मोजते,
एखादी फुटलेली निघतेच,
ती मांजरीसाठी बाजूला.
अख्ख्या ऐरोलीत कुणाला माहीत नाही
की ही दूध विकणारी बाई
दीड वर्षात दूध प्यायलेली नाही.

दारूच्या दुकानात न पिणारा बसतोच की.
तसं.

कारण विचारू नका.
विचारलंच तर एवढंच सांगेन:
एकदा हिशेबासाठी तबेल्यात गेले होते,
तिथे म्हशीपुढे पेंढा भरलेलं पारडू उभं केलेलं,
आणि ती त्याला चाटत होती.
परत आले, गल्ला उघडला,
गिऱ्हाइकाला सुटे दिले.

नणंद म्हणाली, अगं, मग खायचं तरी काय?
मला हसूच आलं.
ओतूरला आमच्या दोन म्हशी होत्या
आणि घरात दूध नव्हतं.
सकाळची चरवी डेअरीला,
संध्याकाळचीही डेअरीला,
फॅट कमी लागली की आईचं तोंड उतरायचं.
आणि आम्ही पोरं?
हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी,
खरड्यावर कच्च्या तेलाची धार,
पाहुणा आला तर मासवडी,
जिच्यात मासा औषधालाही नाही.
तेव्हा ह्या खाण्याला नाव नव्हतं.
फार तर गरिबी म्हणायचे.

लेक म्हणते, आई, तू व्हीगन झालीस!
म्हटलं, आधी कुकर बंद कर,
चार शिट्ट्या झाल्या.

अवघड काही नाही.
वरणावर तुपाऐवजी लिंबू, हिंग जरा सढळ.
कोशिंबिरीला दाण्याचं कूट.
कढी हवीशी वाटली तर सोलकढी,
नारळ खवायचा कंटाळा आला तर पिठलं.
दिवा गावची हौसाबाई शेवग्याचा पाला देते,
दहाला जुडी, वर दोन मिरच्या फुकट,
तिला मी कधी कारण सांगितलं नाही,
तिनंही विचारलं नाही.

चहानं मात्र छळलं.
पहिले पंधरा दिवस कपाळ उठायचं.
सोयाचं दूध आणलं, फाटलं.
दाण्याचं करून पाहिलं,
नवऱ्यानं एक घोट घेतला
आणि आमटी चांगली झालीय म्हणाला.
शेवटी गवती चहा, आलं, गूळ.
कोराच.
अजूनही कुणाच्या घरून उकळत्या चहाचा वास आला
की जिन्यात दोन पायऱ्या जास्त थांबते.
खोटं कशाला सांगू?

रविवारी केंद्र लवकर बंद.
स्टेशनजवळच्या उडप्याकडे जातो आम्ही दोघं.
साधा डोसा, तेलावर. लोणी नको, तूप नको.
"जैन?"
नाही, कांदा चालतो.
"उपवास?"
डोशाचा कुठला उपवास, अण्णा?
"मग डॉक्टर?"
हो म्हटलं.
डॉक्टर म्हटलं की सगळे गप्प होतात,
देव म्हटल्यावरही इतके होत नाहीत.
चटणीत दही आहे का, ते आत जाऊन विचारून आला.
होतं.
सांबार घेतलं, दोन वाट्या.

पावभाजीवाल्याशी वाद घालत नाही.
त्याच्या तव्यानं लोणी पिऊन पिऊन जन्म काढलाय.
मिसळवाला बरा,
दही वाटीत वेगळं देतो,
नवऱ्याच्या पुढे सरकवायचं.

चौथ्या रविवारी अण्णानं मला निरखून पाहिलं.
"तुम्ही सेक्टर सतराच्या दूधवाल्या ना?"
शेजारच्या टेबलावरची माणसं वळली.
नवरा वड्यात तोंड घालून बसला.
हो, म्हटलं.
तो हसेल असं वाटलं.
हसला नाही.
आत आवाज दिला, एक साधा, तेलावर!
आणि माझ्यापुढे चटणीची वाटी ठेवली,
दह्याची नव्हे, चिंचेची, वेगळी काढलेली.

"आमच्याकडे पण म्हैस होती,
कार्कळला," म्हणाला,
आणि पुसलेलं टेबल
पुन्हा पुसत राहिला.